गुडविल: नावलौकिक आणि ताळेबंदातला आकडा

व्यापारी बोलण्यात 'गुडविल' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. 'त्यांचे बाजारात गुडविल चांगले आहे' असे म्हटले की नाव, पत, विश्वास आणि पिढ्यानपिढ्या टिकलेले ग्राहक असे सगळे त्यात आले, हे ऐकणाऱ्याला कळते. पुस्तपालनाच्या मराठी पुस्तकांत यासाठी 'ख्याती' किंवा 'नावलौकिक' हे शब्द योजलेले आहेत आणि रोजच्या वापरापुरते ते पुरेसेही आहेत. अडचण येते ती एखाद्या मोठ्या कंपनीचा ताळेबंद उघडल्यावर. तेथे मालमत्तेच्या बाजूला 'गुडविल' या नावाखाली प्रचंड आकडा दिसतो, तर तितक्याच नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीच्या ताळेबंदात त्या जागी काहीच नसते. पहिलीचा नावलौकिक मोठा आणि दुसरीचा शून्य, असा अर्थ कोणी लावला तर तो साफ चुकेल. बोलण्यातले गुडविल आणि हिशेबातले गुडविल यांचे मूळ एकच असले तरी आज ती दोन वेगळी प्रकरणे झाली आहेत, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय कंपन्यांच्या बातम्यांतील निम्मी विधाने नीट समजत नाहीत.

या शब्दाला नेमका अर्थ देण्याचे काम प्रथम न्यायालयांना करावे लागले, कारण धंदा विकला जाताना नेमके काय विकले गेले यावर भांडणे होत असत. इंग्लंडमधील 1810 सालच्या क्रटवेल विरुद्ध लाय या खटल्यात मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका माणसाचे दिवाळे निघाल्यावर त्याचा धंदा दुसऱ्याला विकण्यात आला आणि पुढे त्याच माणसाने पुन्हा तोच धंदा सुरू केला. त्याला मनाई करण्यास नकार देताना न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी गुडविलचे वर्णन फार कोरडेपणाने केले: जुने ग्राहक जुन्या जागी पुन्हा येतील ही शक्यता, एवढेच गुडविल. आजच्या दृष्टीने ही व्याख्या तोकडी आहे, कारण तिच्यात सगळा भर जागेवर आहे आणि माणसाला किंवा नावाला स्थान नाही. परंतु 'शक्यता' हा तिच्यातला शब्द मात्र मोलाचा आहे, कारण गुडविल विकत घेणारा माणूस खरोखर एक शक्यताच विकत घेत असतो. ग्राहक कोणाच्याही मालकीचे नसतात आणि त्यांना करारात बांधून कोणी सुपूर्द करू शकत नाही.

पुढे 1896 मध्ये ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील त्या काळच्या सर्वोच्च न्यायालयाने, या शक्यतेला संरक्षण दिले. भागीदारी संपल्यावर ज्याचा गुडविलवर हक्क राहणार नव्हता, अशा भागीदाराने पेढीच्या ग्राहकांची नावे आणि पत्ते आधीच उतरवून घेण्याचे काम एका कारकुनाकडे सोपवले होते. न्यायालयाने ठरवले की असा माणूस स्वतःचा स्पर्धक धंदा काढू शकतो, परंतु ज्या ग्राहकांवरचा हक्क त्याने सोडलेला आहे त्यांच्याकडे स्वतःहून जाऊन तो मागणी करू शकत नाही. विकलेली वस्तू विक्रेत्याने मागच्या दाराने परत नेऊ नये, असा त्यामागचा साधा विचार होता. आजही धंदा विकण्याच्या करारात 'विक्रेता अमुक काळ, अमुक परिसरात हाच धंदा करणार नाही' असे कलम घातले जाते ते याच कारणासाठी. असे कलम नसेल तर गुडविलपोटी दिलेल्या रकमेच्या बदल्यात खरेदीदाराच्या हाती फारच थोडे उरते.

सर्वांत अधिक उद्धृत होणारे वर्णन 1901 सालचे आहे. म्युलर कंपनीच्या मार्गारीन धंद्याच्या विक्रीवर किती मुद्रांक शुल्क द्यावे, असा तो वाद होता. जर्मनीत चाललेल्या धंद्याचे गुडविल इंग्लंडमध्ये आहे की जर्मनीत, हे त्यात ठरवायचे होते. न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांनी म्हटले की गुडविलचे वर्णन करणे अत्यंत सोपे आणि व्याख्या करणे अत्यंत कठीण आहे; धंद्याचे चांगले नाव, प्रतिष्ठा आणि संबंध यांचा तो लाभ आहे, ग्राहकांना खेचून आणणारी ती शक्ती आहे, आणि जुन्या, जम बसलेल्या धंद्याला नव्या धंद्यापासून वेगळे करणारी तीच एक गोष्ट आहे. त्याच निकालात त्यांनी असेही स्पष्ट केले की गुडविलला स्वतंत्र अस्तित्व नसते, ते नेहमी एखाद्या धंद्याला जडलेले असते. म्हणून ते इतर वस्तूंप्रमाणे सुटे विकता येत नाही आणि धंदा नष्ट झाला की तेही त्याच्यासोबत संपते.

हे जडणे नेमके कशाला असते, यावर इंग्रज न्यायाधीशांनी 1934 मध्ये एक मार्मिक वर्गीकरण केले. जागेच्या भाडेपट्ट्याशी संबंधित एका प्रकरणात ग्राहकांची तुलना प्राण्यांशी करण्यात आली. मांजर घराला चिकटून राहते, मालक बदलला तरी ते जुनी जागा सोडत नाही. कुत्रा माणसामागे जातो, जागेशी त्याला कर्तव्य नसते. उंदराला जागेशीही देणेघेणे नसते आणि माणसाशीही. त्याच खटल्यातील दुसऱ्या न्यायाधीशांनी यात सशाची भर घातली, म्हणजे जो केवळ जवळ पडते म्हणून येतो असा ग्राहक. वर्गीकरण गमतीचे वाटले तरी धंदा विकत घेणाऱ्याने विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यातच आहे. ज्या धंद्याचे ग्राहक बहुतांशी जुन्या मालकावरच्या व्यक्तिगत विश्वासामुळे येतात, उदाहरणार्थ एखाद्या निष्णात डॉक्टरचे रुग्ण किंवा वकिलाचे अशील, तेथे मालक निघून गेल्यावर नव्या माणसाकडे फारसे काही उरत नाही. याउलट ग्राहक जागेमुळे, वस्तूच्या नावामुळे किंवा संस्थेच्या कार्यपद्धतीमुळे येत असतील, तर मालक बदलूनही ओघ चालू राहतो. पहिल्याला व्यक्तिगत आणि दुसऱ्याला संस्थात्मक गुडविल म्हणतात, आणि किमतीच्या वाटाघाटीत या दोहोंची गल्लत करणे महागात पडते.

लहान धंद्यांत आणि भागीदारी पेढ्यांत गुडविलची किंमत प्रत्यक्ष काढावी लागते, कारण नवा भागीदार आत येतो, जुना निवृत्त होतो किंवा एखाद्याचा मृत्यू होतो, तेव्हा आजवर उभ्या केलेल्या नावात कोणाचा किती वाटा हे ठरवणे भाग असते. यासाठी प्रचलित पद्धती तीन आहेत आणि त्या एकाच उदाहरणावर लावून पाहिल्या तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. समजा, एका पेढीत 50 लाखांचे भांडवल गुंतलेले आहे, गेल्या काही वर्षांचा सरासरी वार्षिक नफा 10 लाख आहे आणि अशा धंद्यात भांडवलावर साधारणपणे 12 टक्के परतावा अपेक्षित असतो. सरासरी नफा पद्धतीत सरासरी नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणतात. तीन वर्षे धरली तर गुडविल 30 लाख येते. अधिक नफा पद्धत यापेक्षा चिकित्सक आहे. ती म्हणते की 50 लाखांवर 12 टक्के, म्हणजे 6 लाख, कोणत्याही सामान्य धंद्याने मिळवलेच असते. तेव्हा नावाचे श्रेय केवळ वरच्या 4 लाखांना द्यावे आणि त्याची तीन वर्षांची किंमत 12 लाख धरावी. तिसऱ्या, भांडवलीकरणाच्या पद्धतीत 10 लाख नफा मिळवण्यासाठी 12 टक्के दराने किती भांडवल लागले असते ते काढतात. ते सुमारे 83 लाख 33 हजार येते, त्यातून प्रत्यक्षातले 50 लाख वजा केले की गुडविल सुमारे 33 लाख 33 हजार होते.

पेढी एकच, नफा तोच, आणि उत्तरे तीन: 30 लाख, 12 लाख आणि 33 लाखांहून थोडी अधिक. गणितात चूक कोठेही नाही. हा वाढीव नफा पुढे किती वर्षे टिकेल याविषयी प्रत्येक पद्धतीचे गृहीतक वेगळे आहे, इतकेच. भांडवलीकरणाची पद्धत तो कायम टिकेल असे मानते आणि म्हणूनच तिचा आकडा सर्वांत मोठा येतो, आणि म्हणूनच विक्रेत्याला ती विशेष प्रिय असते. माझ्या मते यांपैकी अधिक नफा पद्धत मूळ कल्पनेशी सर्वांत प्रामाणिक आहे, परंतु तिच्यातही एक खाचखळगा आहे. मालक स्वतः दिवसभर राबत असेल आणि पगार घेत नसेल, तर दिसणाऱ्या नफ्यात त्याची मजुरी लपलेली असते. वरच्या उदाहरणात त्या श्रमाचे रास्त मोल वर्षाला 3 लाख धरले, तर अधिक नफा 4 लाखांवरून 1 लाखावर येतो आणि गुडविल 12 लाखांऐवजी 3 लाख उरते. अनेक धंद्यांच्या बाबतीत ज्याला मालक अभिमानाने गुडविल म्हणतो, तो त्याचाच न घेतलेला पगार असतो.

आता कंपन्यांच्या ताळेबंदाकडे वळू. येथे पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की स्वतः कमावलेले गुडविल मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानके आणि अमेरिकी नियम या दोन्हींची भूमिका या बाबतीत सारखी आहे. कारण उघड आहे: नावलौकिक उभा करण्यासाठी नेमका किती खर्च आला हे खात्रीने मोजता येत नाही, आणि प्रत्येक व्यवस्थापनाला आपल्या नावाची किंमत स्वतःच ठरवण्याची मुभा दिली तर ताळेबंदावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यामुळे शंभर वर्षे एकाच नावाने चाललेली आणि कधीही दुसरी कंपनी विकत न घेतलेली कंपनी आपल्या ताळेबंदात गुडविलपुढे शून्य दाखवते. गुडविल ताळेबंदात येते ते केवळ खरेदीच्या वाटेने, आणि तेही विकल्या गेलेल्या कंपनीच्या नव्हे तर खरेदी करणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात.

ते कसे येते हे एका काल्पनिक व्यवहारावरून पाहू. एका कंपनीने दुसरी कंपनी 100 कोटींना विकत घेतली. विकल्या गेलेल्या कंपनीच्या पुस्तकांत मालमत्ता 70 कोटींची आणि देणी 30 कोटींची, म्हणजे निव्वळ मूल्य 40 कोटी. खरेदीदार प्रथम प्रत्येक वस्तूचे त्या दिवशीचे रास्त मूल्य ठरवतो. जमीन आणि यंत्रे पुस्तकातल्यापेक्षा 10 कोटींनी अधिक मोलाची निघाली, तेव्हा निव्वळ मूल्य 50 कोटी झाले. त्यानंतर पुस्तकांत कधीच न नोंदलेल्या, परंतु वेगळ्या ओळखता येणाऱ्या गोष्टी शोधाव्या लागतात. व्यापारचिन्हाचे मूल्य 12 कोटी आणि ग्राहकांशी असलेल्या करारांचे 8 कोटी ठरले, म्हणजे एकूण 70 कोटी. दिलेल्या 100 कोटींतून हे 70 वजा केल्यावर जे 30 कोटी उरतात, ज्यांच्यासमोर कोणत्याही वस्तूचे नाव लिहिता येत नाही, त्यांना ताळेबंदात गुडविल म्हणतात. प्रत्यक्ष व्यवहारात स्थगित कराचा, म्हणजे पुढे भराव्या लागणाऱ्या कराचा, हिशेबही यात मिसळतो आणि आकडे थोडे हलतात. तत्त्व मात्र हेच राहते.

या उदाहरणात कंपनीचे नाव, म्हणजे व्यापारचिन्ह, गुडविलमध्ये आलेच नाही, कारण ते 12 कोटींना वेगळे काढून ठेवले गेले. ग्राहकांशी असलेले करारही वेगळे काढले गेले. लॉर्ड मॅकनॉटन यांनी ज्या नावाला आणि संबंधांना गुडविल म्हटले होते, त्यांतला मोजता येणारा भाग आजच्या हिशेबात आधीच बाजूला पडतो आणि उरलेल्या वजाबाकीला ते जुने नाव मिळते. म्हणून ताळेबंदातील आकड्याला 'ख्याती' म्हणताना थोडे थबकावे लागते. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन ही कंपनी घेतली तेव्हा खरेदीच्या सुमारे 27 अब्ज डॉलरपैकी जवळपास 7.9 अब्ज डॉलर व्यापारचिन्ह, ग्राहकसंबंध, तंत्रज्ञान अशा वेगळ्या ओळखता येणाऱ्या अमूर्त मालमत्तेच्या नावे टाकले गेले आणि 16.8 अब्ज डॉलर गुडविल म्हणून राहिले. लिंक्डइनचे नाव या दुसऱ्या, मोठ्या आकड्यात मोजलेले नाही.

मग या उरलेल्या रकमेत असते काय? त्यात एकत्र काम करण्याची सवय असलेला प्रशिक्षित कर्मचारीवर्ग असतो, कारण लेखामानके कर्मचाऱ्यांना वेगळी मालमत्ता मानू देत नाहीत. दोन कंपन्या एक झाल्यावर वाचणारा खर्च आणि वाढणारी विक्री यांची अपेक्षा असते. भविष्यात मिळतील असे वाटणारे, अद्याप अस्तित्वात नसलेले ग्राहक असतात. आणि बऱ्याच वेळा, हे स्पष्ट लिहिले पाहिजे, त्यात निव्वळ जास्त मोजलेली किंमतही असते. लिलावात चुरस वाढली, संचालक ईर्षेला पेटले, शेअर बाजार तेजीत होता, म्हणून मोजलेला प्रत्येक जादा पैसा याच ओळीत जाऊन बसतो आणि तेथे तो मालमत्ता म्हणून मिरवतो. खरी क्षमता आणि खरेदीदाराचा उतावळेपणा यांना वेगळे करणारी कोणतीही रेघ ताळेबंदात नसते.

ही रक्कम पुढे किती काळ तशीच ठेवायची, हा लेखापालांचा जुना वाद आहे. अमेरिकेत 1970 पासून ती जास्तीत जास्त 40 वर्षांत थोडी थोडी करून खर्ची टाकण्याची, म्हणजे यंत्राच्या घसाऱ्यासारखी, पद्धत होती. 2001 मध्ये तेथे नियम बदलला आणि 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांनीही तीच दिशा धरली. आता मोठ्या कंपन्या दरवर्षी कपात करत नाहीत. त्याऐवजी त्या वर्षातून किमान एकदा तपासतात की विकत घेतलेल्या धंद्याकडून पुढे अपेक्षित असलेले उत्पन्न पाहता ताळेबंदातील आकडा अजून समर्थनीय आहे का. नसेल तर फरकाची रक्कम त्या वर्षीच्या नफ्यातून एकदम कापली जाते आणि एकदा कापलेले गुडविल परिस्थिती सुधारली तरी पुन्हा चढवता येत नाही. जपानच्या देशांतर्गत मानकांनी मात्र 20 वर्षांच्या आत ते संपवण्याची जुनी पद्धत सोडलेली नाही. अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही मानकमंडळांनी वार्षिक कपातीकडे परतण्याचा विचार अलीकडे पुन्हा करून पाहिला आणि 2022 मध्ये आहे तीच व्यवस्था चालू ठेवली.

या तपासणीतून निघणारे आकडे कधीकधी छाती दडपवणारे असतात. एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी यांच्या एकत्रीकरणाची घोषणा जानेवारी 2000 मध्ये, इंटरनेट कंपन्यांच्या शेअरांची तेजी शिगेला असताना झाली आणि किंमत शेअरांच्या रूपात मोजली गेली. फुगलेल्या शेअरांत मोजलेल्या किमतीतून फुगलेले गुडविल तयार झाले, तेजी ओसरली, आणि 2002 या एका वर्षात कंपनीला जवळजवळ 99 अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला, ज्याचा बहुतांश भाग गुडविलच्या कपातीचा होता. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये सहा अब्ज डॉलरहून अधिक रकमेला घेतलेल्या एक्वाँटिव्ह या जाहिरात कंपनीपोटी 2012 मध्ये 6.2 अब्ज डॉलर काढून टाकले, म्हणजे मोजलेली जवळजवळ सगळी किंमत, आणि शेअर बाजारात आल्यापासून प्रथमच मायक्रोसॉफ्टचा एका तिमाहीचा निकाल तोट्यात गेला. क्राफ्ट हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर केलेली 15.4 अब्ज डॉलरची कपात आपल्या विषयासाठी अधिक उद्बोधक आहे, कारण तिच्यात गुडविल एका बाजूला आणि क्राफ्ट व ऑस्कर मायर या नावांचे घटलेले मूल्य दुसऱ्या बाजूला असे दोन वेगळे हिस्से होते. तेथे नावांची किंमत खरोखरच उतरली होती आणि ती वेगळी दाखवली गेली. मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात मात्र कंपनीच्या स्वतःच्या नावलौकिकाला धक्का लागल्याचा काहीच पुरावा नव्हता. एक खरेदी फसली होती.

बातम्यांत अशा कपातीला 'केवळ कागदोपत्री तोटा' म्हणण्याची प्रथा आहे. त्या वर्षी तिजोरीतून पैसा बाहेर जात नाही, इतक्यापुरते ते खरे आहे. परंतु पैसा किंवा शेअर खरेदीच्या दिवशीच गेलेले असतात. कपात ही त्या जुन्या व्यवहाराची उशिरा दिलेली कबुली असते. उशीर होण्यालाही कारण आहे. विकत घेतलेला धंदा स्वतःच्या चांगल्या चालणाऱ्या विभागात मिसळून टाकला की तपासणी त्या संपूर्ण विभागाची होते, आणि जुन्या विभागाचे भरभक्कम उत्पन्न नव्या खरेदीचे अपयश बरीच वर्षे झाकून ठेवू शकते. म्हणून ताळेबंद वाचणाऱ्याने गुडविलचा आकडा भागधारकांच्या एकूण निधीशी ताडून पाहावा. गुडविल त्या निधीपेक्षा मोठे असेल, तर ते वजा केल्यावर भागधारकांच्या वाट्याला पुस्तकात ऋण रक्कम उरते. अशी कंपनी बुडीत असतेच असे नाही. परंतु तिच्या ताळेबंदाचे बळ भूतकाळातील खरेदीनिर्णय योग्य होते या गृहीतकावर उभे असते.

करकायदे या बाबतीत लेखामानकांच्या मागे जात नाहीत. अमेरिकेत ठरावीक प्रकारे विकत घेतलेले गुडविल करासाठी 15 वर्षांत वजा करता येते, तर भारतात 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळालेली घसाऱ्याची सवलत 2021 च्या वित्त कायद्याने बंद केली. यांखेरीज 'गुडविल म्हणून' असा एक प्रयोग व्यवहारात आढळतो: तक्रार मान्य न करता, कायदेशीर बंधन नसताना, संबंध टिकावेत यासाठी दिलेली भरपाई किंवा सवलत. पत्रव्यवहारात 'सद्भावनेपोटी' असे लिहिलेले असते ते हेच, आणि ताळेबंदातल्या ओळीशी त्याचा काहीही संबंध नसतो.

राहता राहिला उलटा प्रकार. काही वेळा धंदा त्याच्या निव्वळ मालमत्तेच्या रास्त मूल्यापेक्षा कमी किमतीत मिळतो, कारण विक्रेता संकटात असतो किंवा त्याला वाट पाहणे परवडत नसते. अशा वेळी वजाबाकीचे उत्तर ऋण येते. त्याला पूर्वी सर्रास 'ऋण गुडविल' म्हणत आणि वृत्तपत्रे अजूनही म्हणतात. मानकांच्या भाषेत तो स्वस्त खरेदीचा लाभ असतो. आकड्यांची पुन्हा एकदा काटेकोर तपासणी केल्यानंतरही तो कायम राहिला तर ती रक्कम त्याच वेळी नफा म्हणून दाखवावी लागते. 2023 मध्ये यूबीएस या बँकेने अडचणीत आलेली क्रेडिट स्विस ही बँक 3 अब्ज स्विस फ्रँकला, शेअरांच्या बदल्यात, ताब्यात घेतली तेव्हा तिने सुमारे 29 अब्ज डॉलरचे असे ऋण गुडविल जाहीर केले आणि त्या तिमाहीत तिचा नफा एकदम अफाट दिसला. तो नफा बँकेच्या रोजच्या व्यवहारातून आलेला नव्हता. ताब्यात घेतलेल्या कर्जांत आणि रोख्यांत पुढे निघू शकणारी नुकसानी आणि दोन बँका एकत्र करण्याचा खर्च सोसण्यासाठी त्यातला मोठा भाग लागणार होता.